सिग्नलला थांबलेली गाडी

गुडगावच्या एका इस्पितळात, झोपेच्या विभागात, मी बारा वर्षं काढली. दिवसा किती पेंग येते हे पेशंटला विचारून प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचा इंग्रजी फॉर्म हिंदीत आणला तो मीच. सिनेमा बघताना डुलकी लागते का, या प्रश्नात मी सिनेमाच्या जागी सत्संग घातला. नजफगढच्या आज्या सिनेमाला जातात कशाला? तेव्हा कुणी साधं कौतुकही केलं नाही.

पुढे इराकहून येणाऱ्या पेशंटसाठी अरबी फॉर्म करायचा ठरला आणि काम गेलं नुकत्याच लागलेल्या दुभाषी मुलीकडे. तिने सिनेमाच्या जागी मशिदीतलं शुक्रवारचं प्रवचन घातलं. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "वाह, क्या दिमाग है." माझा नुसता जळफळाट झाला. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात तिची उणीदुणी काढत होते.

तिचा मसुदा, शेजारी इंग्रजी अर्थ लिहून, तपासायला माझ्याकडेच आला. शेवटचा प्रश्न होता: गाडी चालवताना सिग्नलला थांबलात, तर डुलकी लागते का? इथेच मी एकदा आपटले होते. गाडी न चालवणाऱ्या बायका शून्य सांगतात, बेरीज घसरते आणि आजारी बाई ठणठणीत ठरते. म्हणून हिंदीत मी 'चालवताना किंवा नुसतं बसलेलं असताना' असं केलं होतं. तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पडू दे तोंडावर, म्हटलं, आणि सही करून कागद परत दिला.

पंधरा दिवसांनी त्या फॉर्मवरची पहिली पेशंट आली, साठीची बाई. दुभाषी मुलगी प्रश्न विचारत होती, मी आकडे भरत होते. गाडी? चालवतच नाही, शून्य. तपासणीसाठी लागणारी बेरीज एका गुणाने कमी पडली. डॉक्टरांनी केबिनमधून कळवलं, रात्रभराची तपासणी नको, जाऊ दे घरी. तेवढ्यात बाईची मान कलली, हातातला गार चहा मांडीवर सांडला, तरी तिला जाग येईना.

मी पेन ठेवून उठले. तिला हलवून जागं केलं आणि मुलीला म्हटलं, "पूछो, कोई और चला रहा हो तो?"

उत्तर आलं, गाडी गल्लीच्या बाहेर पडायच्या आत झोपते. तपासणी ठरली.

मुलगी तडक केबिनमध्ये गेली. "सर, मुझसे गलती हुई थी, दीदी ने पकड़ी." तिच्या जागी मी असते तर मूग गिळून बसले असते. बाहेर येऊन तिने माझा हात धरला.

"दीदी, आपको एकदम कैसे सूझा?"

"बस, सूझ गया," मी म्हणाले.