कोर्टात कुणीच बोलत नव्हतं तेव्हा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवण्यातली मी बाई नव्हते. माझं कामच असं होतं की जे बोललं गेलं तेवढंच लिहायचं. कुणाला काय वाटलं, काय भास झाला, याला कागदावर जागा नाही. म्हणून हा अनुभव इतकी वर्षं कुणाला सांगितला नाही... आता रिटायर झालेय, सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिशिगनमधलं एक फेडरल कोर्ट. शहर लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. आम्ही ट्रॉयला राहायचो. माझे मिस्टर सुधीर गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. मी साताऱ्याला शॉर्टहँडच्या परीक्षा दिल्या होत्या, इथे येऊन स्टेनो मशीनचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि कोर्ट रिपोर्टर झाले. कोर्टात कुणीही तोंड उघडलं की त्याचा शब्दन् शब्द टिपायचा. मशीनला मोजक्याच कीज असतात. दोन-तीन एकदम दाबल्या की एक उच्चार उमटतो, आणि कागदाची अरुंद पट्टी बाहेर येऊन ट्रेमध्ये घड्या होत पडते. प्रत्येक रिपोर्टरच्या शॉर्ट फॉर्म्सची पद्धत वेगळी. माझी पट्टी दुसऱ्याला सहज वाचता यायची नाही, दुसऱ्याची मला.

मला नोकरी दिली जज ऑल्डेन यांनी. साडी नेसून इंटरव्ह्यूला गेलेल्या बाईला तेव्हा कुणी उभं करत नव्हतं. त्यांनी टेस्ट घेतली आणि म्हणाले, "सोमवारपासून ये." मोठा माणूस. वडील घरोघर बर्फ पोचवायचे, हा दिवसा काम करून संध्याकाळच्या कॉलेजात कायदा शिकला. सरकारी वकील झाला, राज्याच्या कोर्टात जज झाला आणि मग राष्ट्राध्यक्षांनी फेडरल जज म्हणून नेमलं. ही नेमणूक जन्मभराची असते. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा. "नलिनी, माझा एकही निकाल वरच्या कोर्टाने फिरवलेला नाही," असं दर महिन्याला एकदा तरी ऐकवायचे. आणि आता त्याच वरच्या कोर्टासाठी त्यांचं नाव चाललं होतं.

माझ्या आधी तिथे रूथ बेल नावाची बाई होती. एकोणीस वर्षं. मी तिला कधी पाहिलंही नाही. कान गेले म्हणून जजसाहेबांनी तिला काढलं आणि वर्षाच्या आत ती वारली, एवढंच कानावर होतं.

त्या फेब्रुवारीत एक जुनी केस परत आली. लेनर्ड नावाचा फॅक्टरीतला कामगार, पोस्टाची गाडी लुटल्याबद्दल सहा वर्षं तुरुंगात. त्याच्या नव्या वकीलबाईंचं म्हणणं होतं की खटल्याच्या रेकॉर्डमध्ये एक शब्द बदललेला आहे. साक्षीदार म्हातारी म्हणाली होती, "मी त्याचा चेहरा पाहिला नाही." छापील प्रतीत होतं, "मी त्याचा चेहरा पाहिला." ज्या जजने शिक्षा दिली त्याच्याचपुढे असा अर्ज येतो, त्यामुळे ऐकायला बसले होते जज ऑल्डेनच.

सकाळचे साडेदहा झाले असतील. खिडक्यांतून लख्ख ऊन, बाहेर बर्फ. वकीलबाई म्हणाल्या, "रूथ बेलच्या मूळ नोट्स मागवाव्यात."

जजसाहेब म्हणाले, "त्या गहाळ आहेत. आणि बिचाऱ्या रूथला शेवटी शेवटी धड ऐकू येत नव्हतं. रेकॉर्डमध्ये आहे ते आहे."

मी हे वाक्य टिपलं. नंतर कोर्टात शांतता... आणि माझी बोटं चालूच राहिली.

मला कळत होतं की कुणी बोलत नाहीये. बोटं गार पडली होती, फ्रीजरमध्ये हात घातल्यासारखी, पण इतक्या वेगाने मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. जोरही एवढा की कीज खटाखट वाजायला लागल्या — खरं तर ते मशीन अजिबात आवाज करत नाही. मी हात उचलायचा प्रयत्न केला. उचलेना.

"नलिनी," जजसाहेब म्हणाले, "कुणीही बोलत नाहीये."

"माहितीये सर."

सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं. लेनर्डसुद्धा. दोन-तीन मिनिटांनी बोटं आपली आपण थांबली. वकीलबाई उठून म्हणाल्या, "आत्ता जे टिपलं गेलं ते वाचून दाखवावं." मी पट्टी उचलली... मला वाचताच येईना! शॉर्ट फॉर्म्स माझे नव्हतेच. जजसाहेबांनी लगेच पंधरा मिनिटांची सुट्टी जाहीर केली.

मी पट्टी घेऊन मार्गारेटकडे गेले. रिपोर्टरांच्या नोट्स वाचून टाइप करणारी आमच्याकडची जुनी बाई. तिने दोन घड्या वाचल्या आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हे तुला कुठे मिळालं?"

"आत्ता मीच लिहिलंय."

"शक्य नाही. ही रूथ आहे. ‘प्रश्न’ असा फक्त रूथ लिहायची."

मग ती वाचत गेली. आधी म्हातारीची साक्ष होती, ‘नाही’सकट. त्याच्याखाली जजच्या चेंबरमधलं बोलणं. "रूथ, तो ‘नाही’ काढ. चेहरा पाहिला असं मी ज्युरीला सांगून बसलोय." त्याच्याखाली, "मी काढला. नंतर परत घालते म्हटलं, तर मलाच बहिरी ठरवलं." मग ‘तळघर’ आणि एका खोक्याचा नंबर. आणि अगदी शेवटी एकच वाक्य चार वेळा... "ऑल्डेनला सोडणार नाही."

तेवढ्यात चेंबरमधून बोलावणं आलं. जजसाहेब उभे होते. हात पुढे केला. "ती पट्टी दे."

"सर, नोट्स क्लर्ककडे जमा करायच्या असतात. तुम्हीच शिकवलंय."

"तुला इथे कुणी ठेवलं, नलिनी? दुसरं कोण ठेवणार होतं?"

हे खरं होतं. मला रडू यायला हवं होतं, भीती वाटायला हवी होती. पण मला आला राग. इतका की माझा मलाच ओळखू येईना. "रूथला तुम्ही असंच विचारलं होतं का?" मी म्हणाले आणि सरळ क्लर्कच्या खिडकीवर जाऊन पट्टी जमा केली.

मार्गारेटने पट्टी वकीलबाईंना वाचून दाखवली आणि त्यांनी तळघरातला तो खोका उघडायला लावला. दुसऱ्याच केसच्या कागदांत रूथच्या मूळ नोट्स सापडल्या, ‘नाही’ जिथल्या तिथे. केस दुसऱ्या जजकडे गेली, म्हातारीने परत साक्ष दिली आणि मे महिन्यात लेनर्ड सुटला. जाताना माझ्यापाशी थांबला आणि मान हलवली.

सुधीर म्हणाले, "अगं, तिच्या जुन्या नोट्स कधीतरी पाहिल्या असशील. सबकॉन्शस असतं ते." नव्हत्या पाहिल्या. आणि त्या खोक्याचा नंबर?

जजसाहेबांचं वरच्या कोर्टाचं नाव मागे पडलं. फेडरल जजला काढायचं तर काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, महाभियोग चालवावा लागतो. ती वेळ येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. सहकारी जज चार शब्द बोलले, ते मी टिपले. मग ऑल्डेनसाहेब उठले. बर्फाच्या गाडीबद्दल बोलले, आईबद्दल बोलले, सव्वीस वर्षांच्या नोकरीबद्दल बोलले. माझी बोटं कीजवर होती आणि एकही की दाबली गेली नाही. वीस मिनिटं. ते बसले, क्लर्कने पुढची घोषणा केली आणि बोटं पूर्ववत चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सेक्रेटरीने भाषणाची प्रत मागितली, साहेबांना घरी ठेवायची होती. मला ते सगळं आठवत होतं. अर्ध्या तासात टाइप करून देता आलं असतं.

"रेकॉर्डवर काहीच नाही," मी म्हणाले.

बोटं रूथने धरली होती असं मानलं, तरी हे वाक्य कुणाचं? आवाज माझाच होता. आणि ते बोलताना मला फार बरं वाटलं होतं... याचा खुलासा मला आजपर्यंत करता आलेला नाही.