हात मांडीखाली

परवा कळंब्याच्या आमच्या घरी पाहुणे आले होते. आईचा गुडघा बदलून तीन महिने झालेत. ती काठी टेकत स्वयंपाकघरात गेली आणि मी दोन्ही हात मांडीखाली घालून सोफ्यावर बसून राहिलो. कबनूरची मावशी माझ्याकडे बघतच राहिली.

"काय रं, परदेशात जाऊन हेच शिकलास व्हय? आई चहा करतीया आणि घोडा बसलाय!"

या बसण्यामागची तपश्चर्या सांगायची तर स्कॉटलंडपासून सुरुवात करावी लागते, आणि मावशीला तेवढा दम नसतो. तुम्हाला असेल असं धरून चालतो.

मी तिथे एका लहानशा गावात शिकत होतो. विद्यार्थ्यांचा एक सेवाक्लब होता. लोक तिथे समाजसेवेसाठी जात, मी बिस्किटांसाठी गेलो. दुसऱ्याच बैठकीत माझ्या गळ्यात काम पडलं. दर शनिवारी दोन तास एका एकट्या राहणाऱ्या आजींकडे जायचं, बसायचं, गप्पा मारायच्या. बस्स. कोल्हापूरच्या माणसाला याहून सोपं काम कुणी दिलं असेल?

आजी शहाऐंशीच्या. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होत्या. पहिल्याच दिवशी मी वाकून पाया पडलो. माझं काहीतरी खाली पडलं असं वाटून त्याही वाकून शोधायला लागल्या. मग म्हणाल्या, "बस, चहा करते."

आता आपल्याकडे शहाऐंशीची बाई उठून चहा करणार आणि तेविशीचा गडी बसून पिणार? मी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. त्या "नको, मला जमतं" म्हणाल्या. आमच्याकडे जेवायला बसलेला माणूसही तीनदा नको म्हणतो आणि चौथी भाकरी खातो. त्यामुळे त्यांचं नको मी मनावर घेतलं नाही. चहा मी केला, भांडी घासली, पडदे सरकवले, चपला पायाशी नेऊन ठेवल्या. दर शनिवारी हेच. आईला फोनवर सांगितलं तर ती खूश. "म्हाताऱ्या माणसाला उठाय लावू नकोस बघ."

आजी हळूहळू गप्प होत गेल्या. मला वाटलं, उपकारानं गहिवरल्या असतील.

महिन्याच्या शेवटी क्लबला एक कागद भरून द्यायचा असे. मी छाती फुगवून लिहिलं, 'आजींना जागेवरून उठूच देत नाही. चहा, भांडी सगळं मी करतो. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात नेऊन देतो.' त्या कागदाची एक प्रत वृद्धांची देखभाल बघणाऱ्या सरकारी कचेरीत जाते, हे बैठकीत सांगितलं होतं म्हणे. तेव्हा माझं लक्ष बिस्किटांत असणार.

पुढच्या शनिवारी आजींनी त्या कचेरीचं एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. चहासुद्धा स्वतः करता येत नसेल तर एकटं राहणं धोक्याचं आहे. आठ दिवसांनी अधिकारी येऊन बघतील आणि गरज पडल्यास वृद्धाश्रमात जागा देतील.

"हे तूच लिहिलंस ना?" बिनतिकिटाच्या प्रवाशाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. समोर बसथांबा होता. कुठली गाडी किती उशिरा आली हे त्या रोज त्या खिडकीतून बघायच्या. "वृद्धाश्रमातून बस दिसत नाही," एवढंच म्हणाल्या.

मला कळंबा तलावात उडी टाकावीशी वाटली, पण तो फार लांब होता. मी म्हणालो, "मी अधिकाऱ्यांना समजावून सांगतो."

"तू काही सांगायचं नाहीस. त्या खुर्चीत बसायचं. हात मांडीखाली."

ठरलेल्या दिवशी अधिकारीणबाई आल्या. आजी उठल्या. भिंतीला लागून त्यांच्या नवऱ्यानं कमरेएवढ्या उंचीवर एक लांब फळी ठोकलेली होती. एका हातानं ती धरायची, दुसऱ्या हातात एक कप, आणि स्वयंपाकघर ते खिडकी. ट्रे नाही. तीन माणसं म्हणजे तीन खेपा. इतके शनिवार मी त्या फळीवरची धूळ पुसली, पण ती कशासाठी आहे हे विचारलं नव्हतं.

पहिला कप आला. दुसरा आला. मग आत काहीतरी धाडकन पडलं. मी अर्धा उठलो.

"बस!" आतून आवाज आला. चालत्या गाडीतून उतरणाऱ्याला दरडावतात ना, तसा.

बसलो. अधिकारीणबाईंनी भुवई उचलली. "तुम्ही मदत नाही करत?"

"नाही," मी म्हणालो, "मी पाहुणा आहे." माझ्या आईनं ऐकलं असतं तर लाटणं फेकून मारलं असतं.

तिसरा कप थरथरत आला. थोडा चहा बशीत सांडला होता. पण आला. मी मांडीखालचे हात काढून तो घेतला. इतका पाणचट चहा मी जन्मात प्यायलो नव्हतो. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आजी घरातच राहणार. फक्त न्हाणीघरात धरायला एक दांडा बसवून मिळेल. त्या महिन्याच्या कागदावर मी लिहिलं, 'आजींनी चहा केला. मी प्यायलो.' आजींनी तो वाचून घेतला, मगच मला जाऊ दिलं.

तर परवा कळंब्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मावशी ताडकन उठली.

"बस गं तू!" आई आतनं ओरडली. "डब्याचं झाकाण पडलंय. आणतो की मी."

एकेक कप घेऊन, ओट्याला आणि दाराच्या चौकटीला धरत, आईनं चार खेपा केल्या. गुडघ्यानंतरचा हा तिचा पहिलाच चहा. साखर विसरली होती.

मावशीनं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर हळूच पाय दिला.