आता बाई दिसतेस

"चढ काट्यावर," शेठ म्हणाला.

चिकूच्या क्रेटचं वजन करायचा काटा. नरपडच्या त्या वाडीत मी चार वर्षं चिकू निवडायला होते. शेठला नाही कसं म्हणायचं? चढले. त्याचे पाहुणे उभे होते. एकाने मोबाईल काढला. शेठने आकडा मोठ्याने वाचला आणि विचारलं, "किती क्रेट झाले?"

सगळे हसले. माझ्यासोबत चिकू निवडणाऱ्या बायाही. मीही हसले. तेच अजून सलतं.

त्या दिवसापासून जेवण तोडलं. धाकट्या डहाणूला घरी आई मासे विकून दमून यायची, तरी माझ्यासाठी कालवण ठेवायची. कामावर जेवले, असं मी सांगायचे. दोन दिवस उपाशी. तिसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना पातेल्यातला कोरडा भात उभ्यानेच, मुठीमुठीने. मग रडायचे. लोकांसमोर घास घ्यायची लाज, एकटीने खाल्ल्याचीही लाज. भावाच्या साखरपुड्यालासुद्धा गेले नाही. फोटो काढतील म्हणून.

पाच महिन्यांत अंग उतरलं. केस गळले. एक दिवस क्रेट उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली, खाली बसले. शेठ आला. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "आता कशी बाई दिसतेस."

खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. मग चीड आली. म्हणजे आधी मी कोण होते? त्याच्या मस्करीपायी उपाशी राहिले. आता शाबासकीपायी राहायचं?

उठले. म्हटलं, "शेठ, माझ्या अंगावर बोलायचं नाही. जाडी असले तरी नाही, बारीक झाले तरी नाही."

उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला. चिकू निवडणाऱ्यांपैकी एक बाई फाटकापर्यंत माझ्यासोबत चालत आली.

सरकारी दवाखान्यात तपासलं. रक्त कमी, साखर वाढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन आटोक्यात ठेवायचं, पण जेवून. उपाशी राहून नाही.

आता मी तलासरीच्या बाजारात सुकी मासळी विकते. दुपारी तिथेच, सगळ्यांसमोर डबा उघडते. पहिल्या घासाला अजून लाज वाटते. तरी गिळते. वजन थोडं परत वाढलंय. उतरवीन, गुडघ्यांसाठी, साखरेसाठी. ते माझं मी बघेन.

पण माझ्यासमोर कुठल्या बाईच्या अंगावर कोणी बोललं, तर त्याला तिथल्या तिथे थांबवणार. शेठ असो नाहीतर घरचा माणूस.