पुन्हा चालवली की हिरवी

आमच्या ऑफिसात लाल रंगाचं सगळ्यांना वावडं आहे. मी गुरुग्रामच्या एका कंपनीत वेबसाइट तपासण्याचं काम करते. पूर्वी हाताने तपासायचे, एकेक बटण दाबून. मग सेलेनियम नावाचं सॉफ्टवेअर आलं, आता प्लेराइट आहे. आपण टेस्ट लिहून ठेवायची. ते आपणहून ब्राउझर उघडतं, अर्ज भरतं, बटणं दाबतं आणि निकाल देतं. पास म्हणजे हिरवं, नापास म्हणजे लाल. खोटं कशाला बोलू, मला ही हत्यारं आवडतात. दमत नाहीत, आणि साहेबाचा मूड बघून निकाल फिरवत नाहीत. फिरवणारी माणसं असतात, ती आमच्याकडे भरपूर आहेत.

त्या वर्षी आमच्याकडे एका मोठ्या भरतीच्या ऑनलाइन अर्जाचं काम होतं. आणि त्याच वर्षी माझी भाची दिल्लीत आर. के. पुरमला, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून त्याच भरतीचा अभ्यास करत होती. बहिणीची थोरली. लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलेली. बसायच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायची, सकाळी मेट्रोने अभ्यासिकेत जायची. खुल्या गटातली तिची वयाची अट उलटून गेली होती. जातीचा दाखला जोडला तर सवलत मिळत होती, ती धरून ही तिची शेवटची वेळ. पुढच्या वर्षी सवलतही संपणार होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

माझी एक टेस्ट होती, दाखला अपलोड करण्याची. प्लेराइटमध्ये नेट मुद्दाम मंद करता येतं. मी केलं होतं, कारण अर्ज भरणारी पोरं काही आमच्या काचेच्या इमारतीत बसून भरत नाहीत. ही टेस्ट कधी पास व्हायची, कधी नापास. फाइल पोचायच्या आत ‘पुढे’ दाबलं गेलं, की साइट मुकाट्याने पुढे जायची. दाखल्यासमोर हिरवी खूण, आत मात्र काही नाही.

आमचा टीम लीड माझ्यापेक्षा लहान आहे, गोड बोलतो. म्हणाला, “मॅडम, ये टेस्ट फ्लेकी है.” फ्लेकी म्हणजे लहरी, कारण नसताना नापास होणारी.

“टेस्ट ठीक है, साइट में गड़बड़ है,” मी म्हटलं.

“अच्छा, देख लेते हैं.”

साइट सुरू व्हायच्या आधी मी परत विचारलं. “हो गया मॅडम, सब ग्रीन है.” मी स्वतः पाहिलं. खरंच सगळं हिरवं होतं.

तहसीलमधून भाचीचा दाखला यायला अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तिच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि तिने जेवणाच्या टेबलाशी बसून फोनवरून अर्ज भरला. आमच्या क्वार्टरमध्ये नेट म्हणजे आनंदच आहे. तिने मला ऑफिसात फोन केला.

“मावशी, चढला असेल ना गं?”

“हिरवी खूण आली ना? मग चढला. मी तपासलेली साइट आहे बाई, निवांत अभ्यास कर.”

अर्ज नाकारला गेला. कारण एका ओळीत होतं: दाखला जोडलेला नाही. म्हणजे ती खुल्या गटात गेली, आणि तिथे तिचं वय उलटलेलं. हेल्पलाइनवरचा माणूस म्हणाला, मुदत संपली, आता काही बदलता येत नाही. भाची रडली नाही. तिने स्क्रीनवरची ओळ परत परत वाचली आणि फोन उपडा ठेवला.

मी ऑफिसात जाऊन सेटिंग उघडलं. बग तसाच होता. फक्त एक ओळ वाढली होती, मला न सांगता: टेस्ट नापास झाली तर पुन्हा चालवा, तीनदापर्यंत. एकदा जरी पास झाली तरी हिरवी. डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांसमोर मी टीम लीडला मराठीतच सुनावलं, हिंदी सुचलीच नाही. त्याला शब्द कळले नसतील, पण सूर कळला.

“सब टीम्स में यही करते हैं, मॅडम,” तो म्हणाला. हेही खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. पुढच्या आठवड्यात त्यांनी बग दुरुस्त केला. वरातीमागून घोडं.

त्याला सुनावलं त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर भाची बॅग भरत होती. गावाकडे बहिणीने स्थळ बघून ठेवलंच होतं, फक्त निकालाची वाट होती. मी दिवाणावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिचा हक्क होता तेवढा. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत राहिली.

“म्हणजे तुमच्या ऑफिसात टेस्ट नापास झाली, तर तिला परत बसू देतात?”

“हो.”

“पास होईपर्यंत?”

“तीनदा देतात.”

तिने ओढणीची घडी मोडून पुन्हा नीट घातली.

“आणि तिला वयाची अट नसते.”

नाही, म्हटलं, नसते.

तिने पुस्तकं बॅगेत भरली नाहीत. दिवाणाखाली ढीग लावून ठेवला आणि म्हणाली, “मावशी, ही रद्दीवाल्याला दे. मला ओझं होतं.”