जिताड्यांना चांदीचं पाणी

परशुरामदादांना नवघर गावात सगळे हट्टी म्हणत आणि ते खोटं नव्हतं. भाऊबंदांची मिठागरं कधीच इमारतींखाली गेली. यांनी मात्र आपल्या वाट्याच्या तुकड्यात तळं केलं, पावसाच्या पाण्याने भरलं आणि खाडीतली जिताडा माशाची पिल्लं आणून सोडली. समोर इंद्रलोक वसाहतीत मजल्यावर मजले चढत होते आणि हा साठीचा गृहस्थ बांधावर बसून माशांशी बोलत होता. मुलगा केतन तळं बिल्डरला द्या म्हणून मागे लागलेला. शेवटी बापलेकांत ठरलं की येत्या शिमग्यापर्यंत मासे धड मोठे झाले तर तळं राहील, नाहीतर केतन म्हणेल तसं.

आणि नेमकं त्याच वर्षी, २००८च्या दिवाळीनंतर, जिताड्यांच्या अंगावर लाल चट्टे उठले, शेपट्या झडू लागल्या. चुना टाकून झाला, हळद टाकून झाली. दादांच्या बायकोने, सावित्रीबाईंनी, देवाला नारळही बोलला. काही उतार पडेना.

केतन हाटकेशला एका गाळ्यात कामाला होता. शेजारच्या गाळ्यात कुणीतरी नॅनो सिल्व्हरच्या बाटल्या भरायचं. त्यातल्या दोन तो एका संध्याकाळी घेऊन आला. "बाबा, यात चांदी हाय. एवढी बारीक की डोळ्याला दिसत नाय. जंतू मरतात बोलला तो. अख्ख्या तळ्याला एक झाकण टाकायचं, बस." ज्या पोराने तीन वर्षांत तळ्याकडे मान वळवली नव्हती, तो आपणहून औषध आणतो, यानेच दादांना भरून आलं.

त्यात औषध चांदीचं. या घरात बाळाचा पहिला घास चांदीच्या चमच्याने, प्यायच्या पाण्याच्या माठात आजीच्या वेळचा चांदीचा रुपया. चांदीने कुणाचं वाईट होतं हे दादांना कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. "झाकणानं काय होतंय? चांदीच हाय, इख थोडंच हाय," म्हणत त्यांनी दोन्ही बाटल्या तळ्यात रित्या केल्या.

बरं, ओतायला दिवसही शोधून काढला सप्तमीचा. तेव्हा भांगाची भरती असते. खाडीचं पाणी बेताचंच चढतं, तळ्याच्या उघाडीपर्यंत, म्हणजे खाडीकडच्या लाकडी दारापर्यंत पोचतच नाही. औषध वाहून जायला नको, हा विचार. जन्मभर मिठागर केलेल्या माणसालाच सुचावी अशी ही हुशारी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे वर आले. हात-हातभर लांबीचे जिताडे तोंड उघडून पाण्याच्या कडेला हवा गिळत होते. पंप लावला, पाणी उडवलं, तरी तेच. दादांनी एकाचा कल्ला उघडून पाहिला तर आत पांढरा चिकट थर. पाणी बदललं तर वाचतील, एवढं त्यांना लगेच कळलं. पण भरायला पाणी कुठलं? टँकरने तळं भरत नाही आणि उधाण यायला अजून पाच दिवस होते. चंद्राला घाई करता येत नाही. दादा छातीभर पाण्यात उतरले आणि एकेका माशाला दोन्ही हातांनी सरळ धरून पुढे-मागे हलवत राहिले. हात काढला की मासा कुशीवर कलायचा. दहाव्या-अकराव्या माशानंतर त्यांना रडू फुटलं. सावित्रीबाई बांधावरून हाका मारत होत्या, पण ते वर येईनात.

चौथ्या दिवशी मत्स्य खात्यातले एक साहेब आले. तोवर तळ्यात फार काही उरलं नव्हतं. "कल्ल्यांवर मार बसलाय," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्यात ओतलं असतं तर मिठाने चांदी धरून ठेवली असती, कदाचित एवढं लागलं नसतं." मिठागरवाल्याला हे ऐकावं लागलं.

"आता ती चांदी गेली का, साहेब?" दादांनी विचारलं.

"गाळात बसली असेल. किती, आणि किती वर्षं राहील, हे मला नाही सांगता येणार, काका. वस्तू नवीन आहे. अजून कुणालाच धड माहीत नाही."

त्रयोदशीला उधाण आलं. दादांनी उघाडी उचलली आणि खाडीचं पाणी धो धो आत शिरलं. केतन शेजारी येऊन उभा राहिला.

"बाबा, मीच आणलं ते. बिल्डरला मी 'नाय' म्हणून सांगून आलोय. तळं आपलंच राहील. पावसाला परत पिल्लं सोडू आपण."

हेच ऐकायला दादांनी तीन वर्षं कान टवकारले होते. त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. पाणी भरत होतं, नेहमीसारखंच दिसत होतं, आणि तळाचा गाळ त्याखाली कधीच दिसेनासा झाला होता.

"सोडू रं," ते म्हणाले. "पन कशात सोडू?"