खुणेची गोणी

आधीच सांगून टाकते, आम्ही जिंकलो. गोष्ट सांगताना माणसांना ताटकळत ठेवणं मला जमत नाही आणि जिंकल्याचा आनंद लपवणं तर त्याहून जमत नाही. माझा धाकटा दीर अमली पदार्थांच्या खटल्यात अडकला होता, त्याला आम्ही सोडवून आणला. नुसता सोडवला नाही, सरकारला आपली रीत बदलायला लावली. ते कसं घडलं ते आता सांगते.

आमचं गाव दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या मधल्या किनाऱ्यावर. मागे सुपारीची वाडी, पुढे सुरूचं बन आणि बनापलीकडे दर्या. नवरा थळला कारखान्यात नोकरीला, आठवड्याने घरी येणारा. त्यामुळे वाडी, होडी आणि घर हे सगळं मी आणि दीर मिळून बघतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता. त्याचे डबे मी भरले, त्याच्या तापात मी जागले. तेव्हा दीर म्हणा की मुलगा म्हणा, मला एकच.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, पण दर्या काही सुट्टी घेत नाही. उधाणाबरोबर काय काय येऊन पडतं: लाकडाचे ओंडके, जाळी तरंगती ठेवणारे बोये, प्लास्टिकची पिंपं. एकदा तर फ्रिजचं अख्खं दार आलं होतं. ज्याला वस्तू पहिल्यांदा दिसेल तिच्यावर त्याचा हक्क. त्याने ती भरतीच्या रेघेच्या वर ओढायची आणि आपल्या घराची खूण बांधायची. कुणाची लाल चिंधी, कुणाचा काथ्याचा तुकडा, आमची निळी नायलॉनची दोरी. खूण बांधली की चार दिवसांनी न्या, आठ दिवसांनी न्या, कुणी बोट लावत नाही. आमच्याकडे लोक शेजाऱ्याचा नारळ पळवतील, वीतभर बांधासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतील, पण खुणेच्या वस्तूला हात लावायचे नाहीत.

त्या श्रावणात एका सकाळी दिराला गोणी सापडली. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली, वर कुठल्या तरी परक्या भाषेतली अक्षरं, आणि वजनाला दणदणीत. त्याला वाटलं, जहाजावरून पडलेला माल असेल, रबर नाहीतर दोरखंड. ओढत ओढत वर आणली, निळी दोरी बांधली आणि हातगाडी न्यायला घरी आला. मी म्हटलं, भाकरी खाऊन जा, गोणी कुठे पळून चालली आहे. तो निवांत जेवला.

तेवढ्यात किनाऱ्यावर पोलिसांची गस्त आली. वरच्या अंगाच्या गावांत चरसाची पाकिटं वाहून आली होती, म्हणून ते सगळा किनारा धुंडाळत होते. दीर हातगाडी घेऊन पोचला तेव्हा गोणीभोवती पोलीस उभे होते आणि एक शिपाई निळी दोरी कापत होता. दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस असता तर हातगाडीसकट मागच्या मागे फिरला असता. आमचा शहाणा भांडायला पुढे गेला.

"दोरीला हात लावू नका," तो पंचनाम्याला आणलेल्या पंचांसमोर म्हणाला. "खूण माझी हाय. गोणी माझी हाय."

त्यांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. मग गोणी उघडली. आत चरस होता.

त्याला नेलं तेव्हा माझ्या हाताला पीठ होतं, तशीच मी चौकीवर धावले. ठाणे अंमलदार वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच की, बाई, माल सापडला आहे आणि माणूस स्वतःच्या तोंडाने माझा म्हणतो आहे, मी काय करू? मी त्याला खुणेचं सांगितलं. तो घाटावरचा. त्याने मान हलवली आणि ऐकल्यासारखं केलं.

वकिलाने अलिबागला आम्हाला समोर बसवून कायदा समजावला. इतर गुन्ह्यांत आरोप सरकारने शाबीत करायचा असतो. इथे माल ज्याच्या ताब्यात सापडला, त्यानेच दाखवायचं की मला ठाऊक नव्हतं. जामीन हवा तर हा माणूस निर्दोष आहे असं कोर्टाला आधीच वाटलं पाहिजे. माल इतका की शिक्षा झाली तर ऐन उमेदीची वर्षं आतच जाणार. मी वकिलाला विचारलं, असा कायदा केला कुणी? तो म्हणाला, खासदारांनी, आणि बऱ्या हेतूने केला आहे, नाहीतर मोठे मासे पहिल्याच दिवशी सुटतात.

हे मलाही पटतं. मी काही नशेखोरांची वकिली करणारी नाही. पनवेलकडच्या आमच्या नात्यातला एक तरुण पोरगा या विषापायी वाया गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. हा धंदा करणाऱ्याला जन्मभर खडी फोडायला लावली तरी माझ्या डोळ्यांतून टिपूस गळायचं नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन धंदा थांबतो का?

तुरुंगात भेटायला गेले तर दीर वाळून गेलेला. रडला नाही. म्हणाला, "वयनी, मी खोटं काय बोललो?" मला भयंकर संताप आला. एसटीत बसून परत येताना सगळा रस्ता मी मनातल्या मनात कुणाकुणाशी भांडत होते.

गावाचा तर मला त्याहून राग. खूण म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत, पण साक्ष द्यायला कुणी पुढे येईना. आज आमचा दीर, उद्या साक्ष देणाराच आत, अशी भीती. मी घरोघर फिरले. चहा सगळ्यांनी पाजला, सही कुणी दिली नाही. शेवटी माझी शेजारीण एकदा सुपारी सोलता सोलता हळूच बोलून गेली. त्यांच्या घरच्यांनाही तसलंच एक पाकीट सापडलं होतं. दिराला धरल्याचं कळलं आणि त्यांनी ते ओहोटीबरोबर परत दर्यात ढकललं. आणखी दोन-तीन घरांनी तेच केलं होतं. एकाने तर वाळूत पुरलं आणि जागाच विसरला.

मी सोलायची सुपारी तशीच टाकली. मला पाहिजे होतं ते सापडलं होतं.

थोड्याच दिवसांत आमदार धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा नारळ फोडायला आले. समाजमंदिरात सभा होती. बंदोबस्ताला जिल्ह्याहून एक पोलीस अधिकारी बाई आल्या होत्या. आमदारांनी भाषणात नशामुक्तीचाही विषय घेतला, सरकार या गुन्ह्यांबाबत किती कडक आहे ते सांगितलं, किनाऱ्यावर ड्रोन फिरणार म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर मी उठले. सरपंच डोळ्यांनी खाली बसा म्हणत होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

दिराची हकीकत सांगितली. आमदारांनी ऐकून घेतली आणि मग ठरलेलं उत्तर दिलं. "ताई, हा कायदा दिल्लीचा. त्यात आमच्या हातात काही नाही."

"कायदा दिल्लीचा असेल साहेब," मी म्हटलं, "पण माझ्या दिराला घेऊन गेली ती गाडी काही दिल्लीहून आली नव्हती."

मागच्या बाकांवर हशा पिकला. आमदारही हसले, पण मला हसू नको होतं. मग मी पाकिटांचं सांगितलं. घरं सांगितली नाहीत, तेवढी अक्कल मला आहे. म्हटलं, "तुम्ही एकाला धरलंत आणि अख्ख्या किनाऱ्याचं तोंड बंद केलंत. माल परत पाण्यात गेला. आता तो ज्याला सापडेल, तो चौकीवर यायचा नाही. ड्रोनला ते कळणार आहे का?"

अधिकारी बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, ही खूण बघायला मिळेल का? मी म्हटलं, आत्ता चला. आमदारांनाही मग मागे राहता येईना. सगळी सभा उठून सुरूच्या बनातून किनाऱ्यावर आली.

उधाण नुकतंच होऊन गेलं होतं, त्यामुळे वाळूवर बाजार मांडल्यासारखा माल पडलेला. या ओंडक्याला लाल चिंधी, त्या पिंपाला काथ्या. मी एकेक दाखवत होते. आमदारांबरोबरच्या एका कार्यकर्त्याला एक नवाकोरा नारिंगी बोया आवडला. घराच्या अंगणात टांगायला बरा दिसेल म्हणून त्याने तो उचलून काखेत मारला. झालं. आमची एक म्हातारी आत्या गर्दीतून तीरासारखी सुटली आणि तिने त्याचं मनगटच धरलं.

"ठेव खाली," ती म्हणाली. "तुझ्या बापाचा हाय का? चिंधी दिसत न्हाय?"

कार्यकर्ता म्हणाला, आजी, तुमचा आहे का हा? ती म्हणाली, माझा न्हाय, पलीकडच्या घरचा हाय. पलीकडच्या घराशी त्या आत्याचं कित्येक वर्षं बोलणं नाही हे सगळ्या गावाला ठाऊक, म्हणून लोक पोट धरून हसले. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्या चिंधीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. गोणी दिराने उघडली होती का, आणि ती लपवली होती का? मी म्हटलं, बाई, ज्याला लपवायचं असतं, तो वर आपल्या घराची निशाणी बांधून जेवायला जातो का?

त्या संध्याकाळी त्यांनी समाजमंदिरातच टेबल मांडलं आणि सांगितलं की खुणेबद्दल आणि सापडलेल्या मालाबद्दल जो बोलेल, तो साक्षीदार, आरोपी नाही. आमदारांनी तोच शब्द सगळ्यांसमोर दिला. पहिली उठली ती माझी शेजारीण. तिच्यामागे तिचा नवरा, मग आत्या, मग ज्याने वाळूत पाकीट पुरलं होतं तो. रांग दारापर्यंत गेली. चहा पाजून मला वाटेला लावणारी तीच माणसं. मी दाराशी उभी राहून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

पुढचं कोर्टात झालं. तपासात दिराविरुद्ध काही निघालं नाही, असा अहवाल पोलिसांनीच दिला आणि सरकारी वकिलाने हरकत घेतली नाही. न्यायाधीश म्हणाले की, ताबा म्हणजे नुसता हात लागणं नव्हे, हातात काय आहे याची जाण हवी. वकिलाने बाहेर येऊन ते मला सोप्या भाषेत सांगितलं, पण मला आतच कळलं होतं. तुरुंगाच्या दारातून दीर बाहेर आला, तेव्हा मी आणलेले मोदक त्याच्या हातात देण्याआधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. इतके दिवस तो साठवून ठेवला होता.

आमदारांनी अधिवेशनात प्रश्न मांडला. मंत्र्यांचं उत्तर लांबलचक होतं, पण त्यातून निघालेलं फर्मान छोटं होतं आणि ते किनाऱ्यावरच्या सगळ्या चौक्यांना गेलं. वाहून आलेल्या मालाची खबर देणारा हा साक्षीदार धरावा, आणि नव्या शिपायांना खुणांची रीत समजावून द्यावी. कायदा दिल्लीचा तो दिल्लीचाच राहिला, त्यातलं अक्षर बदललं नाही. बदलली ती त्याची वाट, आमच्या अंगणातून जाणारी. पुढच्याच पावसाळ्यात लोक पाकिटं दिसली की आपणहून फोन करायला लागले. अधिकारी बाईंनी मला सांगितलं की त्यातल्याच एका खबरेवरून मुंबईकडचा एक दलाल हाती लागला. त्या दिवशी मी वाडीत एकटीच मोठ्याने हसले.

एकच गोष्ट मनासारखी होईना. सुटून आल्यापासून दीर किनाऱ्यावर जात नव्हता. वाडी शिंपायचा, सुपाऱ्या पाडायचा, बनापर्यंत जायचा आणि तिथून मागे फिरायचा. नारळी पौर्णिमेला होडी नटली, तिची पूजा झाली, हा घरात. मी रागावले, समजावलं, नवऱ्यानेही सांगून पाहिलं. तो नुसता "व्हय, व्हय" म्हणायचा. माणूस तुरुंगातून आला होता, पण माझा दीर अजून घरी यायचा होता.

मग एका सकाळी दारात पोलिसांची जीप थांबली. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. आत चौकीचा हवालदार होता. किनाऱ्यावर एक गोणी आली आहे, गावच्या माणसाने खबर दिली आहे, आता पंचनाम्याला दोन पंच पाहिजेत, भरवशाचे, दर्याची माहिती असणारे. तो दिराकडे बघून म्हणाला, "दादा, पंच म्हणून याल का?"

मी काही बोलायला गेले तर दिराने हातानेच थांबवलं.

"येईन," तो म्हणाला. "पन मी चालत येईन. गाडीत न्हाय बसनार."

हवालदाराने जीप तिथेच ठेवली. सुरूच्या बनातून सगळे पायी निघाले. बन संपतं तिथे दीर क्षणभर थांबला, तेव्हा मागचे पोलीसही थांबले. मग त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि तो वाळूत उतरला.