वेशीबाहेरचा वर्ग

विद्यापीठाची समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजचं लग्नघर व्हायचं. भिंतींना चुना, कुंड्यांना गेरू, आणि एरवी कुलूपबंद असलेल्या प्रयोगशाळेच्या खिडक्या सताड उघड्या. वर्षभरात आम्ही काय दिवे लावले ते बघायला ही मंडळी यायची. अध्यापन, संशोधन आणि विस्तार या तीन खात्यांत आमची झाडाझडती व्हायची. अध्यापनाचं निकालावर भागून जाई. संशोधनाच्या नावाने एका प्राध्यापकांचा खेकड्यांवरचा एकुलता एक लेख होता, तो दर वर्षी नव्या फायलीत जाऊन बसे. विस्तार म्हणजे गावात जाऊन केलेलं काम. त्यासाठी बाकीची कॉलेजं रोपं लावून फोटो काढत. आमच्याकडे मात्र दाखवण्यासारखं खरंखुरं काही होतं आणि ते मी चालवत होते. मला त्याचा माज होता आणि तो मी लपवतही नसे.

आचऱ्याला आमचं केंद्र होतं. बारावीनंतर लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या बायकांना बाहेरून बी.ए. करता यावं म्हणून तिथे भाड्याच्या एका खोलीत दुपारचा वर्ग भरायचा. मी राज्यशास्त्र शिकवायला मालवणहून एसटीने जायचे. त्या बायकांत एक मासे विकणारी होती. सकाळचा बाजार उरकून, आंघोळ करून ती यायची आणि पहिल्या रांगेत ठाण मांडून बसायची. तिचं शेवटचं वर्ष होतं. तिचं बघून तिची धाकटी जाऊ मांडीवरच्या पोरीसकट पहिल्या वर्षाला बसली होती. केंद्राची मान्यता समितीच्या हातात होती. ती गेली तर वर्ग बंद, आणि रोज मालवणला येणं या बायकांना जमणारं नव्हतं. म्हणजे दुसऱ्यांदा शिक्षण सुटलंच.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. डिसेंबरातली समितीची तारीख ठरली आणि पाठोपाठ आचऱ्याला गावपळणीचा कौल झाला. गावपळण म्हणजे ग्रामदेवाच्या आज्ञेने अख्ख्या गावाने घरांना कड्या घालून, गुरं-कोंबड्या घेऊन वेशीबाहेर राहायला जायचं. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही. मग देव पुन्हा कौल देतो तेव्हाच परतायचं. हे काही वर्षांनी एकदाच येतं, आणि आलं ते नेमकं समितीच्या दिवसावर.

प्राचार्य घाटावरचे. त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, बायकांना टेम्पोत घालून इथे आणा. हॉलमध्ये बसवू, मागे बॅनर लावू. केंद्राचा कार्यक्रम म्हणून दाखवू."

"बायका काय शोकेसमधल्या बाहुल्या आहेत?" मी म्हटलं. "वर्ग आचऱ्याचा आहे. समितीने आचऱ्याला जाऊन बघावा."

"आचऱ्यात कुत्रंसुद्धा नसणार!"

"वेशीबाहेर असेल की."

"मग जबाबदारी तुमची."

"माझीच," मी म्हटलं आणि दार जरा जोरातच ओढलं.

खरं सांगायचं तर आचऱ्याच्या एसटीत बसल्यावर मला धास्ती वाटायला लागली होती. पण मासे विकणारीने सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, "बाई, घाबरतात कित्याक? आमी भायर, तर वर्गय भायर."

समितीचे तिघे जीपने आले. मी आणि प्राचार्य त्यांच्यासोबत. वेशीपाशी ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. तो तिथलाच. "साहेब, आज मी आत जावचंय नाय," एवढंच म्हणाला. समितीचे अध्यक्ष तापले. त्यांना केंद्राची जागा बघायची होती, फळा बघायचा होता, बाकं मोजायची होती.

"जागा बंद आहे, वर्ग चालू आहे," मी म्हटलं. "वर्ग बघायचा असेल तर या बाजूला चला."

माळावर नारळाच्या झापांच्या राहुट्या ओळीने उभ्या होत्या. कुठे भात शिजत होता, कुठे गुरांना पाणी दाखवत होते, पलीकडे म्हाताऱ्यांचं भजन रंगलं होतं. काजूच्या सावलीत चटईवर माझ्या बायका वह्या घेऊन बसल्या होत्या, अगदी सगळ्या. खोलीत कधी इतकी पूर्ण हजेरी मला मिळाली नव्हती. मी तिथेच उभी राहून नागरिकांच्या हक्कांवर शिकवायला लागले. प्राचार्य रुमालाने मान पुसत होते.

अध्यक्षांनी मध्येच हात वर केला. पहिल्या रांगेकडे बघून म्हणाले, "तुम्ही पदवीला बसलेल्या. देवाने सांगितलं म्हणून घरदार सोडून माळावर राहता? मग या शिक्षणाचा उपयोग काय?"

मासे विकणारी पदर सावरून उठली. "साहेब, आजची तारीख तुमका कोणी दिल्यानी?"

"कुलगुरूंच्या कार्यालयाने."

"कित्याक म्हणान इचारल्यात?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुमका कुलगुरूंनी तारीख दिल्यानी, तुमी इल्यात. आमका देवान दिल्यान, आमी भायर इलंव. आता बाईंका शिकवूक देवा. परीक्षा माजी आसा."

चटईवर हशा पिकला. समितीतल्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. मोठ्या माणसाला चारचौघांत गप्प केलं की त्याची किंमत मोजावी लागते, हे मला कळत होतं. तरी तिला आवरावं असं एकदाही वाटलं नाही.

जानेवारीत मान्यता रद्द झाली. कारण दिलं होतं, भेटीच्या वेळी केंद्र बंद आढळले. वाचून माझ्या अंगाची लाही झाली. दहा बायका त्यांच्या नाकासमोर बसल्या होत्या आणि यांना दिसलं ते कुलूप! मी प्राचार्यांना सांगितलं की मी जायची थांबणार नाही. ते म्हणाले, रजेच्या दिवशी कुठे जायचं तो तुमचा प्रश्न. त्यानंतर दर रविवारी मासे विकणारीच्या घरापुढच्या खळ्यात वर्ग भरला. पण आठवड्यातून एकदा भागेना, आणि कॉलेजचं नाव गेल्यावर घरच्यांचं बोलणं वाढलं. बायका एकेक करून गळाल्या. शेवटी दोघी जावा तेवढ्या उरल्या.

मासे विकणारी बी.ए.ला दुसऱ्या श्रेणीत पास झाली. निकाल लागला त्या दिवशी बाजारात तिने मला मिठी मारली आणि माझ्या साडीला खवलं चिकटली.

आणि मग ज्यांनी केंद्र बंद केलं त्यांना एकदम उमाळा आला. कॉलेजच्या वार्षिक समारंभात तिचा सत्कार ठरला. विद्यापीठाच्या विस्तारकार्याचं यश म्हणून! पाहुणे तेच अध्यक्ष. मी तिला म्हटलं, "जाऊ नकोस. तोंडावर पडू देत सगळे."

"मी येतलंय," ती म्हणाली.

ती जावेला घेऊन आली. प्राचार्यांनी भाषणात केंद्राचं तोंड भरून कौतुक केलं. ते बंद झालंय, हे सांगायचं तेवढं विसरले. मी व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत दात-ओठ खात बसले होते. अध्यक्षांनी शाल उलगडली. तिने ती हाताने बाजूला सारली आणि थेट माइक घेतला.

"ती थंय मागे बसलीहा, ती माजी जाव. पोर मांडयेर घेवन शिकता. तिचो वर्ग तुमी बंद केल्यात. तो परत कधी उघडतल्यात तां आधी सांगा, मगे शाल घालतंय."

प्राचार्यांनी माइकसाठी हात पुढे केला. तिने माइक दुसऱ्या हातात घेतला. अध्यक्ष माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, समजवा तिला. हा कार्यक्रम आहे."

"मी नाही समजवणार," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मलाही उत्तर हवंय."

मागच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. अध्यक्षांनी हातातल्या शालीकडे बघितलं, हॉलकडे बघितलं. "उघडू," ते म्हणाले. "लवकरच उघडू."

"खंयच्या तारखेक?" तिने विचारलं आणि माइक त्यांच्या तोंडापुढे धरला.